दुसऱ्यांदा ठेवलेला हात



मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा इथल्या एका आंधळ्याची गोष्ट आहे. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कानेच ती सांगितली आहे, आणि उपदेशात ती क्वचितच ऐकू येते. प्रभू येशू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि मग विचारतो, तुला काही दिसतं का? माणूस प्रामाणिक आहे. तो सांगतो की माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. म्हणजे उत्तर अर्धवट. तेव्हा प्रभू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि मग त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं.

आम्ही दौलतगंजात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारे तिघे-चौघे स्वयंसेवक. आमचं लक्ष या गोष्टीतल्या मधल्या प्रश्नाकडे जातं. प्रभूला त्या माणसाची स्थिती कळत नव्हती असं नाही. तरीही त्याने विचारलं, उत्तर ऐकून घेतलं आणि त्या उत्तरावरून पुढचं काम केलं. ‘अर्धं दिसतं’ अशी नोंद करून तो पुढच्या गावाला गेला नाही. आमच्या मुलांच्या शाळांत मात्र नेमकं तेच होतं. चाचणी होते, वीसपैकी सहा गुण लिहिलेला कागद हातात पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू होतो. ज्याला माणसं झाडांसारखी दिसत होती त्याला ती वर्षभर झाडांसारखीच दिसत राहतात.

आमचं म्हणणं सरळ आहे. चाचणीत चुकलेल्या मुलाला आपली चूक दुरुस्त करू द्यावी, आणि दुरुस्ती केल्यावर तीच चाचणी वेगळ्या प्रश्नांनी पुन्हा देऊ द्यावी. दुसऱ्या वेळचे गुण खरे धरावेत. हे आम्ही दयामाया म्हणून सांगत नाही. मूल शिकतं ते असंच, म्हणून सांगतो.

मोठ्या परीक्षांच्या पातळीवर ही गोष्ट आता सरकारनेही मानली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बोर्डाची परीक्षा वर्षातून दोनदा देता यावी असं म्हटलं आहे, एकदा मुख्य आणि हवी असल्यास एकदा सुधारणेसाठी. आपल्या मध्यप्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाने २०२५ पासून दहावी-बारावीची द्वितीय परीक्षा सुरू केली आणि जुनी ‘सप्ली’ गेली. सीबीएसईने दहावीसाठी २०२६ पासून दोन परीक्षांचा निर्णय घेतला. त्याही आधी, २०१६ पासून, नापास मुलांसाठी राज्य ओपन स्कूलची ‘रुक जाना नहीं’ योजना आपल्याकडे सुरू झालेलीच होती. आपल्या मंडळीतल्या काही घरांना तिने हात दिला आहे. महाराष्ट्रातही दहावीला नापास झालेल्यांसाठी २०१५ पासून जुलैमध्येच फेरपरीक्षा होऊ लागली, त्यामुळे मुलाचं वर्ष वाचतं. तिथल्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शब्दही काढून टाकला आहे.

हे सगळं चांगलं आहे, आम्ही त्याबद्दल देवाचे आभार मानतो. पण एक गोष्ट खटकते. मे महिन्यात निकाल, जूनमध्ये पुन्हा परीक्षा. मधल्या दिवसांत मुलाचं काय होतं? शाळा बंद, बाहेर ग्वाल्हेरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि हातात फक्त एक आकडा: गणित, २४. कुठला प्रश्न चुकला, सूत्र चुकलं की वाचताना घाई झाली, की मुळात अपूर्णांकच येत नाहीत, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. त्याची लिहिलेली उत्तरपत्रिका त्याने पाहिलेलीच नसते. (आपल्याकडे तिला ‘कॉपी’ म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी ‘बोर्डाच्या कॉप्या तपासायला सर गेलेत’ हे ऐकून चमकून पाहिलं होतं. तिकडे कॉपी म्हणजे नक्कल!) स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे, पण अर्ज, शुल्क आणि वाट पाहणं यात तो मागणारी घरं थोडी. मग मूल काय करतं? पहिल्या पानापासून सगळं पुस्तक पुन्हा वाचू लागतं, निम्म्यात थकतं आणि जूनमध्ये तीच चूक नव्या कागदावर लिहून येतं.

लूक १३ मधलं अंजिराचं झाड आठवा. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, हे आपण सगळे सांगतो. पण माळ्याने नुसती मुदत मागितली नव्हती. झाडाभोवती खणीन, खत घालीन, असं तो म्हणाला. मुदत मालकाची होती, कुदळ माळ्याची. दुसरी परीक्षा म्हणजे नुसती मुदत. कुदळ कोणी घ्यायची, हे सरकारी परिपत्रकांत फार थोड्या ठिकाणी सापडतं. एक अपवाद सांगायला हवा. पाचवी आणि आठवीबद्दल केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये जो नियम केला त्यात, नापास झालेल्या मुलाला आधी जादा शिकवावं आणि मग निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी, असा क्रम आहे. क्रम बरोबर आहे. तो किती वर्गखोल्यांत पाळला जातो ते आपापल्या मुलाला विचारून पाहा.

खणणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते आमच्या वर्गातल्या एका उदाहरणावरून सांगतो. सातवीतली एक मुलगी चाचणीचा कागद घेऊन आली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं तिने लिहिलं होतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. बाईंनी लाल फुली मारली होती आणि पुढे काही नाही. आम्ही तिला फक्त एवढंच विचारलं की अर्धी पोळी खाल्ल्यावर आणखी थोडी खाल्लीस, तर एकूण अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? ती म्हणाली, जास्त. मग दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? ती बराच वेळ गप्प बसली. कागदावर एक चौकोन काढला, त्याचे पाच भाग केले, दोन रंगवले. मग हसली. चुकांच्या वहीत तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं की तुकडे सारखे केल्याशिवाय मोजता येत नाहीत. पाच षष्ठांश हे उत्तर तिने नंतर काढलं, कोणी सांगितलं नाही.

चार दिवसांनी तिला दुसरे आकडे दिले. बेरीज बरोबर आली. वजाबाकीत मात्र तीन चतुर्थांशातून एक तृतीयांश काढताना पुन्हा जुनी सवय उफाळली, वरून वर गेले, खालून खाली, उत्तर आलं दोन. पेन्सिल खाली ठेवण्याआधी ती स्वतःच थबकली, कारण पाऊण पोळीतून काढून दोन पोळ्या उरतात कशा? तिने खोडलं. आमच्या मते शिकणं झालं ते त्या खोडण्यात. शाळेच्या नोंदवहीत मात्र तिचे गुण वीसपैकी सहाच राहिले, कारण त्या चाचणीला पुन्हा बसण्याची सोय नव्हती, आणि मुलीने आम्हाला विचारलं की आता येतं तरी सहाच का? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

शिक्षणशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलं की धडा शिकवल्यावर छोटी चाचणी घ्यावी, जे चुकलं तेवढंच वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवावं, मग दुसरी चाचणी घ्यावी आणि नंतरच पुढे जावं. शाळेत सगळ्यांना सारखा वेळ मिळतो, म्हणून शिकणं कमी-जास्त होतं. शिकणं सगळ्यांचं सारखं व्हायचं असेल तर वेळ कमी-जास्त द्यावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. ज्यांना नुसता शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांना त्या शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल बाकीचं वाचत नाही. मोठी माणसं तरी कुठे वाचतात? डॉक्टरांनी रिपोर्टवर काय लिहिलं ते सोडून आपण साखरेचा आकडा तेवढा पाहतो.

आणि हे कळायला शिकागोला जायची तरी काय गरज? आम्ही राहतो ते लष्कर दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभं राहिलं, आणि याच गावात गाणं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं आहे. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे शंकर गांधर्व विद्यालय काढलं, १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झालं. तालमीच्या खोलीत काय चालतं ते आपण ऐकलेलं असतं. शिष्याचा गंधार उतरला की गुरू थांबवतात, स्वतः गाऊन दाखवतात, पुन्हा म्हणायला लावतात, लागेपर्यंत. ‘दहापैकी चार, आता पुढचा राग’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं असतं तर ग्वाल्हेर घराणं दोन पिढ्यांत संपलं असतं. गळ्याबद्दल जे आपल्याला पटतं ते गणिताबद्दल का पटत नाही, याचं आम्हाला नेहमी नवल वाटतं.

यावर आमच्याच मंडळीतून आक्षेप येतात, आणि ते घेणारे लोक प्रेमाने घेतात. पहिला आक्षेप असा की मग मुलं पहिल्या वेळी अभ्यासच करणार नाहीत. ही भीती खोटी नाही. दुसरी संधी फुकट मिळाली तर तसं होतंच. म्हणून आमच्या वर्गात पुन्हा बसायचं असेल तर आधी चुकांची वही भरावी लागते: काय चुकलं, का चुकलं, बरोबर काय, आणि तसंच एक नवं उदाहरण स्वतः तयार करून सोडवलेलं. हे काम पहिल्या वेळी अभ्यास करण्यापेक्षा जड आहे. दोन-तीनदा केल्यावर मुलं आपणहून आधी अभ्यास करतात. पुन्हा बसणंही एकदाच, फार तर दोनदा.

दुसरा आक्षेप आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच वेळी अठरा गुण मिळवणाऱ्या मुलावर हा अन्याय नाही का? दुसरा पुन्हा बसून अठरा मिळवणार आणि दोघं सारखे? इथे मत्तय २० मधले द्राक्षमळ्यातले मजूर समोर येतात. सकाळपासून राबलेल्यांची कुरकुर आपल्याला समजते, कारण ती आपलीच असते. पण मालकाने त्यांच्या दिनाराला हात लावला नव्हता. अठरा मिळवणाऱ्याचे अठरा तसेच आहेत. त्याचं काहीच कमी झालेलं नाही, फक्त शेजाऱ्याचं वाढलं. चाचणी ही मुलाला काय येतं ते पाहण्यासाठी असेल, तर ज्याला आता अठराएवढं येतं त्याच्या नावापुढे सहा लिहिणं हे खोटं लिहिणं आहे. हा दाखला खरं तर देवाच्या कृपेचा आहे आणि परीक्षेचे गुण म्हणजे कृपा नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी त्या कुरकुरीचा सूर ओळखीचा वाटतो, एवढंच.

तिसरं वाक्य तर घराघरांत ऐकू येतं: जग दुसरी संधी देत नाही, मुलाला आतापासून सवय लागू दे. जग देतं हो! गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षेत नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. इंजिनिअरिंगची जेईई मेन २०१९ पासून वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींपैकी चांगला निकाल धरतात. सी.ए. होणाऱ्यांना विचारा, कितव्या प्रयत्नात झालात म्हणून. ज्या परीक्षा एकदाच होतात त्या आहेत, नाही असं नाही. मत्तय २५ मधल्या पाच कुमारींसाठी दार बंद झालं ते झालं, आणि त्या दाखल्याची धार बोथट करायचा आमचा विचार नाही. शेवटचं दार बंद होणारं असतं म्हणूनच तर त्याआधीच्या लहान दारांतून ये-जा करू द्यायची. दिव्यात तेल आहे की नाही हे सातवीच्या घटक चाचणीत कळलं तर भरता येतं, आणि ते भरायलाच द्यायचं नाही, तर ती चाचणी घेतलीच कशाला?

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. पुन्हा संधी देणं म्हणजे प्रश्नपत्रिका सोपी करणं नव्हे. पेत्राने तीनदा नाकारलं. योहान २१ मध्ये सरोवराच्या काठी, कोळशांच्या विस्तवाजवळ, प्रभूने त्याला तीनदा विचारलं. नाकारलं तेव्हाही मुख्य याजकाच्या अंगणात कोळशांचा विस्तवच होता, हे योहान मुद्दाम नोंदवतो. म्हणजे जिथे चुकलं होतं तिथेच नेऊन विचारलं, आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला इतकं ते अवघड होतं. त्यानंतर जे काम सोपवलं ते आधीपेक्षा मोठं होतं. चुकांची वही उघडताना मुलं दुःखी होतात, कधी रडतात. तेव्हा शेजारी बसायला कोणीतरी लागतं.

हे शेजारी बसणं कोणी करायचं? साठ मुलांच्या वर्गातल्या शिक्षकावर सगळा भार टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या बाईंना साठ वह्या, वर जनगणना, वर निवडणुकीचं काम. आमच्या मते इथे मंडळीची जागा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात अपुल्लोस मोठा वक्ता, पण त्याला फक्त योहानाच्या बाप्तिस्म्याची माहिती. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी सभास्थानात उभं राहून त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तंबू शिवणारं नवरा-बायकोचं जोडपं, आणि शिष्य एवढा विद्वान! आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, कॉलेजात शिकणारी मुलं आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका मुलाच्या शेजारी बसणं यातल्या कोणालाही जमेल.

आणि बर्णबाला विसरून कसं चालेल? मार्क पंफुल्यातून अर्धी मोहीम सोडून परत गेला, म्हणून पौलाने त्याला पुढच्या वेळी बरोबर न्यायला साफ नकार दिला. वाद इतका झाला की दोघं वेगळे झाले. बर्णबाने मार्काला घेतलं आणि तो कुप्रला गेला. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणून. मंडळीच्या परंपरेप्रमाणे शुभवर्तमान लिहिणारा मार्क तो हाच. बेथसैद्याच्या त्या आंधळ्यावर दुसऱ्यांदा ठेवलेला हात फक्त त्यानेच नोंदवावा, हा योगायोग असेल किंवा नसेल.

आपल्या हातातलं मराठी शास्त्रही असंच पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेलं आहे. सेरामपूरला १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं गेलं, १८११ मध्ये नवा करार. मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार वेगळा काढला, आणि त्यानंतरही सुधारणा चालूच राहिल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून वेगळं भाषांतर हाती घेतलं आणि अखेरच्या दिवसांपर्यंत त्याची प्रुफं तपासली. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, शास्त्र छापून आलं १९२४ मध्ये. पहिल्या आवृत्तीवर गुण देऊन कोणी थांबलं असतं तर आज आपण काय वाचत असतो?

आता थोडं कामाचं. रविवारच्या शाळेची सहामाही परीक्षा यंदा आम्ही याच रीतीने घ्यावी अशी विनंती पाळकसाहेबांना केली आहे. पहिल्या रविवारी पेपर, दुसऱ्या रविवारी गुण न लिहिता फक्त खुणा करून कागद परत, तिसऱ्या रविवारी चुकांची वही, चौथ्या रविवारी ज्यांना हवं त्यांनी पुन्हा बसायचं. बक्षिसं चौथ्या रविवारच्या कागदावरून. काही पालकांना हे पसंत नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

शाळांनाही आपण विचारू शकतो. पालकसभेत ‘माझ्या मुलाला किती पडले’ याच्या आधी ‘त्याचा तपासलेला कागद घरी न्यायला मिळेल का, आणि दुरुस्त करून आणला तर तुम्ही पाहाल का’ एवढं विचारा. एकाने विचारलं तर हसतील. पाच जणांनी विचारलं तर पाहतील. काही शिक्षक आनंदाने हो म्हणतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आणि घरातले जुने चाचणीचे कागद रद्दीत घालू नका. चुरगळलेले, लाल फुल्यांचे, सही घेण्याच्या भीतीने दप्तराच्या तळाशी लपवलेले, असतील तसे घेऊन मुलांना मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता पाठवा. पेन्सिल, खोडरबर आणि एक कोरी वही पुरे. जून महिन्यात द्वितीय परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आम्ही रोज बसू. त्यांनी फक्त येताना मागच्या वर्षभराचे शाळेतले पेपर आणावेत, कारण बोर्डाची कॉपी हाती येईपर्यंत खणायला सुरुवात तिथूनच करावी लागणार आहे.